डॅशकॅम बसवला आणि बॅटरी बसली! वायरिंगमध्ये काय चुकलंय?

तिसरी_शिफ्ट (सोमवार, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय. आज पहिल्यांदा लिहितेय, तेही वैतागून.

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, नोकरी शिरवळला. जाणं-येणं कंपनीच्या बसने, त्यामुळे गाडी (२०१९ ची पेट्रोल हॅचबॅक) सोमवार ते शुक्रवार दारात उभी. शनिवार-रविवारी मात्र कोरेगाव, वाई, कधी पुणे.

गेल्या महिन्यात कोरेगाव रस्त्याने रात्री परत येत होते. समोरून एकच दिवा येताना दिसला, मला वाटलं मोटरसायकल. जवळ आल्यावर कळलं की ट्रॅक्टर आहे, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि उजवीकडचा दिवा मेलेला. मी साइडपट्टीवर उतरले म्हणून आरशावर निभावलं. ट्रॅक्टरवाला वर मलाच म्हणतो, "ताई, तुम्हीच मधी आला." साक्षीदार कोण, तर मागच्या सीटवर झोपलेली आई. दुसऱ्याच दिवशी ठरवलं, डॅशकॅम, म्हणजे काचेवरून रस्ता टिपणारा कॅमेरा, लावायचा.

पुढचा-मागचा असा जोड घेतला. साताऱ्यातल्याच एका दुकानात बसवला (नाव घेत नाही). दुकानदार म्हणाला, "हार्डवायर करून देतो मॅडम, म्हणजे थेट फ्यूजबॉक्समधून वायर, पार्किंग मोडसकट. गाडी बंद असली तरी रेकॉर्डिंग चालू." मला काय, छानच वाटलं.

पुढच्या शनिवारी चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट. शेजारच्या काकांनी जंपर लावून चालू करून दिली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. शिवाय कॅमेऱ्याची तारीख १ जानेवारीवर गेलीय, आणि आकाशवाणी सातारा लावलं की खरखर येते, ती आधी नव्हती. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला. बॅटरीला जेमतेम वर्ष झालंय हो! बॅटरी खराब की वायरिंग?

खंबाटकी_चढण (सोमवार, रात्री १०.४०)

मेकॅनिकला थांबवा आधी. कॅमेऱ्याची पिन काढा आणि एक आठवडा तशीच उभी ठेवा. शनिवारी चालू झाली तर बॅटरी निर्दोष. फुकटची तपासणी आहे.

पेठेतला_पंप (सोमवार, रात्री ११.०५)

मी पाच वर्षं चार्जिंग सॉकेटला लावून वापरतोय. चावी काढली की कॅमेरा बंद. हे हार्डवायर वगैरे कशाला पाहिजे राव, गाडी हाय का विमान?

वायरमन_रहिमतपूर (मंगळवार, सकाळी ७.२०)

पंपभाऊंचं चूक नाही, पण सॉकेट अडकतं, वायर गिअरवर लोंबते, आणि काही गाड्यांत चावी काढली तरी सॉकेट जिवंत राहतं. असो.

ताई, आधी हे हार्डवायरचं किट काय असतं ते समजून घ्या, म्हणजे दुकानदाराने काय केलं असेल ते तुमचं तुम्हालाच कळेल. ती एक छोटी डबी असते. आत १२ व्होल्ट येतात, बाहेर कॅमेऱ्याला ५ व्होल्ट जातात. आत येणाऱ्या तारा तीन. काळी म्हणजे अर्थ (अर्थिंग), ती गाडीच्या बॉडीला, रंग नसलेल्या बोल्टखाली, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची गोल चकती) लावून. पिवळी कायम करंट असलेल्या फ्यूजला, म्हणजे चावी नसतानाही जिवंत असतो तो, उदाहरणार्थ छतावरच्या दिव्याचा. आणि लाल तार चावी फिरवल्यावरच करंट येतो त्या फ्यूजला.

सगळी गंमत या लाल तारेत आहे. तिच्यात करंट आहे तोवर कॅमेरा समजतो गाडी चालू आहे, आणि पूर्ण ताकदीने रेकॉर्डिंग करतो. तिचा करंट गेला की त्याला कळतं, गाडी उभी राहिली, आता पार्किंग मोडमध्ये जायचं. दुकानदाराने लाल आणि पिवळी दोन्ही एकाच कायम जिवंत फ्यूजला दिल्या असतील तर तुमची गाडी बंद झाल्याचं कॅमेऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही. मला तर तोच वास येतोय.

दुसरं, त्या डबीवर एक छोटा स्विच असतो कट-ऑफचा. बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली उतरली की कॅमेरा बंद करायचा. बहुतेकांवर ११.६ पासून १२.४ पर्यंत पर्याय असतात. तो कितीवर आहे बघून सांगा.

तिसरी_शिफ्ट (मंगळवार, रात्री ९.५०)

काका, फार छान सांगितलंत. पण स्टिअरिंगखाली डोकं घालायचं म्हणजे रविवारच उजाडेल. तोवर चढणभाऊंचं ऐकते, पिन काढून ठेवलीय. कंपनीतल्या मेंटेनन्सच्या दादाकडून मल्टिमीटर आणणार आहे.

मिरज_जंक्शन (बुधवार, दुपारी १.१०)

पिलरचं कव्हर उघडाल तेव्हा जपून. समोरच्या काचेच्या बाजूचा जो खांब, त्यावर एअरबॅगचं अक्षर कोरलेलं असेल तर आत पडदा-एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. कॅमेऱ्याची वायर त्या घडीच्या मागून, गाडीच्या मूळ वायरिंगच्या जोडीने गेली पाहिजे. आमच्याकडे एकाने वायर एअरबॅगवरून आडवी ओढून वर टेपच्या चार पट्ट्या मारल्या होत्या. बॅग उघडली असती तर कॅमेरा गोफणीसारखा तोंडावर आला असता. कव्हर काढायच्या आधी बॅटरीची काळी तार सोडून पाचेक मिनिटं थांबा, आणि कव्हरची ती प्लॅस्टिकची क्लिप हिसका मारून उपटू नका. सांगली-मिरजेत ती सुटी मिळत नाही, मी हिंडलोय.

कासची_कारवी (बुधवार, रात्री ८.३०)

अवांतर: माझा आधीचा कॅमेरा आत लिथियम बॅटरी असलेला होता. एप्रिलमध्ये गाडी दिवसभर उन्हात पोवई नाक्यावर. संध्याकाळी बघते तर कॅमेऱ्याची पाठ टम्म पुरीसारखी फुगलेली. आता आत बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला घेतलाय. बंद काचेच्या गाडीत किती तापतं ते स्टिअरिंगला हात लावलेल्या कुणालाही विचारा.

तिसरी_शिफ्ट (रविवार, दुपारी २.३०)

घ्या मंडळी, वृत्तान्त.

पहिलं म्हणजे शनिवारी गाडी एका चावीत चालू झाली. पाच दिवस उभी होती, कॅमेऱ्याची पिन काढलेली. बॅटरी निर्दोष! मेकॅनिकला कळवलं, तो म्हणाला, "मग ठीकाय."

आज सकाळी चटई टाकून आडवी झाले स्टिअरिंगखाली. फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलं आणि जे दिसलं ते लिहिते. लाल आणि पिवळी तार सोलून एकत्र पिळलेल्या. वर काळी टेप, ती उन्हाने वितळून चिकट झालेली, बोटाला डांबरासारखी लागत होती. ती पिळलेली तार कुठे, तर २० अँपिअरच्या पिवळ्या फ्यूजच्या एका पायाला गुंडाळून तो फ्यूज तसाच खाचेत दाबून बसवलेला. फ्यूज तिरका. हात लावला तर हलत होता. कट-ऑफचा स्विच ११.६ वर.

मग दादाने शिकवलं तसं मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून, बॅटरीची काळी तार सोडून मीटर मध्ये घातला. दारं बंद, चावी खिशात, अर्धा तास थांबले. कॅमेऱ्याची पिन लावलेली असताना ०.५२ अँपिअर. पिन काढल्यावर ०.०३.

काका, तुमच्या नाकाला मानलं.

वायरमन_रहिमतपूर (रविवार, दुपारी ३.०५)

नाकाचं काही नाही, हे रोज बघतो.

आता हिशेब करा. ०.५२ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला साडेबारा अँपिअर-अवर. तुमच्या हॅचबॅकला ३५ ची बॅटरी असणार. रविवारी रात्री आठला गाडी लावली तर बुधवारी दुपारपर्यंत बॅटरी कागदावर संपली. आणि ११.६ चा कट-ऑफ असून नसून सारखाच, कारण शिशाची बॅटरी भरलेली असताना निवांत स्थितीत १२.६-१२.७ दाखवते, १२.२ ला जवळपास निम्मी होते आणि ११.६ ला तिच्यात काही उरलेलं नसतं. त्यात काही कॅमेरे लाल तार जिवंत असली की कट-ऑफकडे बघतच नाहीत. तारीख १ जानेवारीला गेली तीही त्यातूनच. वीज पूर्ण गेली, घड्याळ मेलं.

पण बॅटरीपेक्षा मला त्या गुंडाळलेल्या तारेची जास्त काळजी वाटते. ती तार शेवयांएवढी बारीक. तिच्यावर राखण कोण, तर २० चा फ्यूज, तोही त्याच्या पुढच्या पायाला तार असेल तरच. मागच्या, म्हणजे बॅटरीकडच्या पायाला असेल तर फ्यूजही नाही! कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूज उडायच्या आत तार तापून लाल होईल. मेहेरबानी करून आजच ती काढा.

तिसरी_शिफ्ट (रविवार, दुपारी ३.२०)

काढली. फ्यूज सरळ बसवला. तारांना सध्या टेप.

वायरमन_रहिमतपूर (रविवार, सायंकाळी ५.४५)

शाब्बास. आता नीट कसं करायचं ते.

फ्यूज टॅप मागवा. शेपटी असलेला फ्यूजचा होल्डर असतो. मूळ फ्यूज काढायचा, टॅप त्या खाचेत बसवायचा, आणि टॅपमध्ये दोन फ्यूज: एक गाडीचा जुना, तेवढ्याच अँपिअरचा, आणि एक कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ चा. कॅमेरा एका अँपिअरच्या आत चालतो, त्याला १० चा घालायचं कारण नाही. टॅप मागवण्याआधी आपला फ्यूज हातात घेऊन बघा. मिनी, बुटका मिनी, मायक्रो असे आकार असतात. जाडा टॅप बारीक खाचेत कोंबला की खाच पसरते आणि मग मूळ फ्यूजही सैल होतो.

दिशा चुकवू नका. फ्यूज काढल्यावर खाचेचा एकच कोपरा जिवंत असतो. मीटरची काळी दांडी बॉडीला आणि लाल आधी एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. जिथे १२ दाखवेल ती आवक बाजू. टॅपची वायर ज्या बाजूने बाहेर येते त्याच्या विरुद्धचा पाय त्या आवक बाजूला गेला पाहिजे. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून लोकांना चूक कळत नाही, पण मग कॅमेऱ्याचा करंटही गाडीच्या जुन्या फ्यूजमधून जातो.

एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. लाल तारेसाठी चार्जिंग सॉकेटचा फ्यूज उत्तम, पण चावी काढल्यावर तो खरंच मरतो का ते मीटरने बघा, झाकणावरच्या चित्रावर विसंबू नका.

आणि आता जे सांगतो ते तुमच्यापुरतं: पिवळी तार कायम फ्यूजला देऊच नका. लाल-पिवळी दोन्ही त्या सॉकेटच्याच टॅपला द्या. चावी काढली की कॅमेरा बंद. पार्किंग मोडला रामराम.

हिंजवडी_व्हाया_आनेवाडी (रविवार, रात्री ९.१५)

काका, इथे असहमत. पुण्यात आमच्या सोसायटीत कुणीतरी दार घासून गेलं, पार्किंग मोडमुळेच नंबर सापडला. कट-ऑफ १२.२ वर ठेवला की गाडी चालू होण्यापुरतं राहतंच की. मग फायदा का सोडायचा?

वायरमन_रहिमतपूर (रविवार, रात्री ९.४०)

तुमचं बरोबर आहे, तुमच्यासाठी. तुम्ही रोज दीड तास गाडी चालवता, रात्रीची तूट दुसऱ्या दिवशी भरून निघते. ताईंची गाडी पाच दिवस उभी. १२.२ ला कट-ऑफ म्हणजे दर आठवड्याला बॅटरी निम्मी रिकामी, आणि शनिवारी कोरेगावपर्यंतच्या वीस किलोमीटरमध्ये ती भरत नाही. शिशाच्या बॅटरीला अर्धवट भरलेलं राहणं बाधतं, प्लेटवर सल्फेट धरतो. दोन वर्षांत बॅटरी जाईल आणि मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरेल. शाहूपुरीत स्वतःच्या दारात, गेटच्या आत उभ्या गाडीला रात्रभर कोण काय करणार? मांजर बसेल बॉनेटवर, तिचं रेकॉर्डिंग होईल.

पेठेतला_पंप (रविवार, रात्री ९.४८)

म्हंजे शेवटी माझ्यासारखंच झालं की, चावी काढली की बंद. फक्त वायर दिसत न्हाय.

वायरमन_रहिमतपूर (रविवार, रात्री ९.५५)

अगदी. वायर दिसत नाही आणि सॉकेट मोबाइलला मोकळं. हार्डवायरचा निम्मा फायदा एवढाच आहे, बाकीचं दुकानदार सांगतात.

काळा_कोट (सोमवार, रात्री १०.३०)

धागा आवडला. मी वकिली करते, त्यामुळे माझा मुद्दा वायरीचा नाही, तारखेचा. तारीख १ जानेवारी पडलेली आहे हे ताईंनी जाता जाता लिहिलंय, पण कोर्टात समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. "अपघात डिसेंबरचा आणि व्हिडिओ जानेवारीचा?" जीपीएस असलेला कॅमेरा वेळ आपोआप लावून घेतो. नसेल तर महिन्यातून एकदा हाताने जुळवा.

समजा काही घडलंच, तर कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड लगेच काढून ठेवा. कॅमेरा फिरत्या पद्धतीने जुनं पुसून नवं लिहीत असतो. धक्का बसल्यावर ती फाइल कुलूपबंद होते खरी, पण अलगद घासून गेलेल्या ट्रॉलीचा धक्का सेन्सरला जाणवेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून पोलिसांना पाठवलेली प्रत ही दाबलेली, हलकी प्रत असते. तिच्यात नंबरप्लेट पुसट होते. मूळ कार्ड जपून ठेवायचं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं पूर्वीचं ६५-ब चं प्रमाणपत्र आता कलम ६३ खाली द्यावं लागतं. त्याचा नमुनाच कायद्याला जोडलेला आहे. एक भाग पक्षकाराने भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला आकडा) लिहायची. हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कलमाखाली सांगितलं, ते प्रकरण आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचं होतं. मूळ कार्डच कोर्टात हजर केलं आणि ज्याचं आहे तो साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी. म्हणूनही कार्ड जपा म्हणते.

आणि एक. कॅमेरा आवाजही टिपतो. समोरच्या काचेपलीकडे काय चाललंय ते दाखवायला जाल आणि अलीकडे तुम्ही काय बोलत होतात तेही सगळ्यांना ऐकू जाईल.

कासची_कारवी (सोमवार, रात्री १०.५०)

वाचनखूण साठवली. आवाजाबद्दल +१००. आमच्या कॅमेऱ्यात यवतेश्वर घाटातलं धुकं सुंदर आलंय, पण नवरा आणि मी रस्ता चुकल्यावरून काय बोललो ते कुणाला दाखवण्यासारखं नाही.

तिसरी_शिफ्ट (मंगळवार, रात्री १०.१०)

बापरे, आत्ता जाऊन ऐकलं. कोरेगावहून येताना आईने मावशीच्या सुनेबद्दल पाऊण तास व्याख्यान दिलंय. पुसून टाकलं.

कार्डाबद्दलही विचारायचं होतं. दुकानदाराने ६४ जीबीचं साधं कार्ड दिलंय. चालेल?

मिरज_जंक्शन (बुधवार, सकाळी ११.००)

चालेल, पण फार दिवस नाही. दोन्ही कॅमेरे मिळून ६४ जीबी चार-पाच तासांत भरतं आणि परत पहिल्यापासून लिहायला लागतं. मोबाइलचं कार्ड इतक्या वेळा पुसून लिहिण्यासाठी केलेलंच नसतं. कॅमेऱ्यासाठीची जास्त टिकाऊ कार्डं वेगळी मिळतात, ती घ्या. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा. आमच्या एका पाहुण्याने अपघातानंतर कार्ड उघडलं तर शेवटचा व्हिडिओ तीन महिन्यांपूर्वीचा. कार्ड कधीच मेलेलं, कॅमेरा बिचारा लाल दिवा लुकलुकवत होता.

तिसरी_शिफ्ट (पुढचा रविवार, सायंकाळी ६.२०)

झालं एकदाचं!

टॅप शुक्रवारी आला. आज सकाळी नऊला बसले ती बारा वाजले. सॉकेटचा फ्यूज निळा, १५ चा. आवक बाजू मीटरने शोधली, पहिल्यांदा उलटंच बसवत होते, काकांचं वाक्य आठवलं. दोन्ही तारा टॅपच्या शेपटीत, कॅमेऱ्यासाठी ३ चा जांभळा फ्यूज. काळी तार दुकानदाराने डॅशच्या प्लॅस्टिकमधल्या स्क्रूला बांधली होती. तो स्क्रू पत्र्यापर्यंत पोचतही नव्हता, मग अर्थ मिळत कुठून होता देव जाणे! आता खालच्या पत्र्यावरच्या १० नंबरच्या बोल्टखाली थिंबल लावून घट्ट केली. डबी कापडी टेपने मूळ वायरिंगला बांधली, म्हणजे खडखड नको.

मीटर: चावी काढल्यावर ०.०३. चावी टाकली की कॅमेरा टिंग करतो, काढली की गप्प.

राहिली खरखर. डबीला दुसरी जागा दिली, फरक नाही. मग उजव्या पिलरचं कव्हर काढलं (काळी तार सोडून, पाच मिनिटं थांबून, जंक्शनदादा!). आत एअरबॅग नाही, पण अँटेनाची केबल आणि कॅमेऱ्याची वायर दोन्ही एकाच टेपमध्ये वरपासून खालपर्यंत घट्ट आवळलेल्या. सोडवून चार बोटं लांब केल्या, कॅमेऱ्याच्या वायरीला दादाने दिलेली ती काळी चिमट्यासारखी फेराइटची कडी (खरखर अडवणारी) लावली. आकाशवाणी आता स्वच्छ लागतंय.

आईला समोर बसवून फेरी मारून आणली वाढे फाट्यापर्यंत. ती पूर्ण वेळ गप्प. म्हटलं काय झालं, तर बोट कॅमेऱ्याकडे. आवाज बंद केलाय सांगितलं तर म्हणते, "तुझ्या काकांनाच विचार एकदा, खरंच बंद होतो का ते."

वायरमन_रहिमतपूर (रविवार, सायंकाळी ७.००)

होतो म्हणावं. एक क्लिप काढून त्यांनाच ऐकवा.

सज्जनगड_पायथा (रविवार, रात्री ९.३०)

उशिरा वाचतोय. माझी नवी गाडी आहे, बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला दिसतो. काळी तार थेट त्या टर्मिनलला दिली तर चालेल का? शोरूमवाला वॉरंटी जाईल म्हणून घाबरवतोय.

वायरमन_रहिमतपूर (रविवार, रात्री ९.५०)

टर्मिनलला नको, बॉडीलाच. तो सेन्सर बॅटरीतून किती करंट जातो-येतो ते मोजतो. तुम्ही त्याच्या अलीकडे तार लावली तर कॅमेऱ्याचा खर्च त्याला दिसतच नाही, हिशेब चुकतो. आणि मूळ वायर कापू नका, टॅपच वापरा, म्हणजे काढला की गाडी होती तशी. बाकी वॉरंटीचं शोरूमकडून लेखी घ्या. गाडी कुठली ते लिहून नवा धागा काढा, फोटोसकट.